मोशी-कुरुळीचा दिवड-विरोळा संग्राम

इंद्रायणीतीरीचे समस्त बेडूक, सरडे, पाली व सर्प यांस मुजरा करून हकीकत लिहितो, ती ऐसी. चाकणच्या कारखान्यांतील निसर्गप्रेमी मंडळींनी मोशी मुक्कामी जमाव करून या मुलखातील बेडूक व सरपटणाऱ्या जीवांची सर्वसंमत यादी बांधिली. आणि कायदा केला की जातीपुढे प्रथम पाहणाराचे नाव लागावे, आणि एकदा लागलेले नाव त्याच्या स्वहस्ताच्या रेघेवाचून कोणी खोडू नये. यादीची किल्लेदारी सकलगुणमंडित सुमनताईंकडे, ज्या शाळेत जीवशास्त्र शिकवीत आणि ज्यांनी चष्म्यावरून पाहिले तर भलेभले सुपरवायझर गारद होत.

यादीत दोन मातब्बर सरदार. एक मोशीचे जुने गावकरी सोपानराव, हल्ली कंपनीत क्वालिटीस. त्यांचे नावे बेडकांची अर्धी फौज आणि दिवड नामे पाणसाप. दुसरे धाराशिवाकडून येऊन कुरुळीस बिऱ्हाड केलेले किसनराव, पेंटशॉपचे. त्यांचे नावे अवघी एक जात, ती विरोळा नामे साप. परंतु त्या एका नोंदीचा रुबाब ऐसा की त्यांच्या कुटुंबाने, सोजरबाईंनी, यादीचे ते पान काचेत मढवून भिंतीस लाविले आणि गावाकडून येईल त्यास चहाआधी दाखविले.

ऐसे बरे चालले असता सुमनताईंनी दोन्ही सापांचे फोटो शेजारी ठेविले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. एक साप पिवळट, एक काळपट; परंतु दोघांच्या डोळ्यांखाली त्याच दोन तिरप्या काळ्या रेघा, अंगावर तोच चौकटींचा पट. मग तपास करिता उमगले की यादी बांधितेसमयी मंडळींनी कारखान्याचा रिवाज चालविला. कंपनीत एकच बंपर लाल रंगविला तर एक पार्ट नंबर आणि काळा रंगविला तर दुसरा. त्याच न्यायाने एका सापास दोन नंबर देऊन मंडळी मोकळी जाहली. दिवड अगोदर नोंदलेली, सबब विरोळा खोडणे प्राप्त.

ऐसा खलिता व्हॉट्सॲपवरून सुटला आणि एकच हलकल्लोळ उडाला. खलिता वाचल्याच्या किसनरावांच्या निळ्या खुणा उमटल्या. मोशीकर परजिल्ह्याच्या माणसास यादीतही खोली देत नाहीत, ऐसा कुरुळीकरांनी बोभाटा केला. मोशीकरांनी उलट फर्माविले की सापास आधारकार्ड असते तर पत्ता मोशीचाच निघता. दोन्हीकडून गुड मॉर्निंगचे संदेश बंद पडले. सुमनताईंची तो पुरती कोंडी, की खोटी जात ठेवावी तर यादी रद्दी, आणि परस्पर खोडावी तर संमती लटकी.

अशात त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगात साक्षात तोच साप दाखल जाहला, पुढून पिवळट आणि मागून काळपट. तो सर्पमित्राकरवी बरणीत घेऊन ताईंनी उभय सरदारांस आपापल्या मंडळींसह पहिली शिफ्ट सुटताच नदीकाठी पाचारिले. सोपानराव बरणी पाहताच म्हणाले, दिवड. किसनराव त्याच दमात म्हणाले, विरोळा.

किसनराव बरणीपुढे उकिडवे बसले आणि पाहातच राहिले. यादीत दुसरे काही त्यांच्या नावे नव्हते, हे सर्वांस ठाऊक. त्यांचा चेहरा पाहून मोशीकरांसही वाईट वाटले, आणि लिहिणारासही वाटले, ते का लपवावे. सोपानरावांनी दिवड किसनरावांचे नावे करून देण्याची तयारी दाखविली, तो ताईंनी हुकूम केला की यादी म्हणजे लग्नातला आहेर नव्हे.

मग किसनराव बोलिले, "साप एकच हाय, ताई. आमी रंगावर गेलो. आणा पेन."

आणि ताईंनी पुढे केलेल्या यादीत स्वहस्ते आपल्या नावावर रेघ ओढिली, आणि बरणी उघडून साप पाण्यात सोडिला.

येणेप्रमाणे एक जात गमावून यादी खरी जाहली, हीच फत्ते, आणि तिचा शिरपाव निर्विवाद किसनरावांचा. तह उभयतांनी मानिला. इतकेच नमूद करणे भाग आहे की त्या दिवसापासून सोपानराव त्या सापास हट्टाने विरोळा म्हणतात, किसनराव तितक्याच हट्टाने दिवड म्हणतात, आणि कोणी माघार घेत नाही.