गड्याला आतून बुरशी

"या लेन्सनं म्हशीचा फोटो काढला ना मंजू, तर म्हशीलेही पाच स्थळं येतीन! तुह्या लखनचं तं टेन्शनच घेऊ नको!"

शेलूबाजारच्या जगदेवनं हे वाक्य बहिणीला फोनवर ऐकवलं तेव्हा त्याच्या कृषी केंद्रात चार गिऱ्हाईकं उभी होती, आणि चौघांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजातच तो बोलला होता. मंजूला आपला पोरगा म्हशीच्या रांगेत बसवलेला काही आवडला नाही. पण गरज तिला होती. लखन तिचा एकुलता एक. धनजला वीज कंपनीत लाइनमन. वय एकोणतीस, पगार वेळेवर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि तरी तीन ठिकाणांहून नकार! मंजूच्या मते सगळा दोष फोटोचा होता. स्टुडिओत काढलेल्या त्या फोटोत लखन असा दिसायचा, की याला पोलिसांनी आत्ताच धरून आणलाय आणि हा आता कबुलीजबाब देणार!

चौथं स्थळ रिसोडचं होतं. मुलगी संस्कृती, एका दवाखान्यात नर्स. तिची आई प्रयागबाई. नवरा गेल्यावर पंधरा वर्षं पिठाची गिरणी एकटीनं चालवलेली बाई. तिनं निरोप धाडला होता, "पोराचा साधा फोटो पाठवा, अन् त्याच्याबद्दल खरं खरं सांगा. लपवालपवी मले चालत नाही."

फोटोची जबाबदारी मामानं घेतली. न घेऊन करतो काय? गेली सहा वर्षं जगदेव स्वतःला फोटोग्राफर म्हणवत होता.

त्याचा निम्मा जीव 'उजेड' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असायचा. जिल्ह्यातले नऊ हौशी लोक. रोज फोटो टाकायचे आणि रोज एकमेकांचे फोटो सोलायचे. त्यातले कारंज्याचे मदनसिंग सर चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी आजवर एकाही फोटोला नुसतं 'छान' म्हटलेलं नव्हतं. कोणी सूर्योदय टाकला तर म्हणत, "सूर्य थोडा डावीकडे पाह्यजे होता." दुसरा रिसोडचा रऊफ. घड्याळदुरुस्तीचं दुकान, पण कॅमेरे आणि लेन्साही खोलून साफ करायचा. ग्रुपवर लेन्सला 'गडी' म्हणायची पद्धत त्याचीच. "कोणता गडी लावला?", "तो गडी विकला का?" असं सगळे बिनदिक्कत बोलायचे.

जगदेवनं नुकताच एक गडी घेतला होता. अमरावतीच्या एका मॅडमकडून, वापरलेला. या लेन्सनं चेहरा टिपला की मागचं सगळं लोण्यासारखं वितळून जातं, असं तो भेटेल त्याला सांगत होता.

रविवारी तो धनजला गेला. लखनला शेतात तुरीपुढं उभं केलं.

"हस."

"काहून? काय झालं?"

"काही झालं नाही. फोटोसाठी हस!"

"मामा, काही झालंच नाही तं कसा हसू?"

विजेच्या पोलवर सरसर चढणारा हा गडी कॅमेऱ्यापुढं स्वतःच पोल झाला! एका फोटोत डोळे वटारलेले, दुसऱ्यात श्वास रोखलेला. जगदेव वैतागला. त्यात त्या लेन्सची खोड अशी, की माणूस पूर्ण बसवायचा तर दहा पावलं मागं जावं लागायचं. तो कॅमेऱ्यात पाहत मागं मागं सरकत गेला, आणि पाणी सोडलेल्या हरभऱ्याच्या वाफ्यात धपकन बसला! त्या धडपडीत बोट बटणावर दाबलं गेलं आणि तिसरा फोटो निघाला. लखन पोट धरून हसला आणि हसत हसतच धावत आला.

"लेन्स धर! लेन्स धर आधी!" जगदेव कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरून ओरडला.

लखननं आधी मामाच्या काखेत हात घालून मामाला उभं केलं. मग लेन्सकडे पाहिलं. त्याबद्दल मामानं त्याला घरी पोहोचेपर्यंत झापलं!

संध्याकाळी जगदेवनं थांबून थांबून, शेरे येतील तसे एकेक करून तिन्ही फोटो 'उजेड'वर टाकले. वर लिहिलं, "मंडळी, नवा गडी! पाहा कसा वाटते."

"दिसायले बरा हाय," मदनसिंग सरांचं लगेच आलं. "पण काठावर ढिला वाटते." काठावर म्हणजे फोटोच्या कडांना.

रऊफनं विचारलं, "कोरा हाय का वापरलेला?"

"वापरलेला. अमरावतीच्या एका मॅडमपाशी होता दोन वर्षं. तिले दुसरा भेटला, म्हणून याले काढला."

"आतून टॉर्च मारून पाह्यला का? अशायले बुरशी असते, बावा!"

"हाय थोडी. वरून दिसत नाही."

"आवाज करते का?"

"करकर करते. जवळ गेलं की गोंधळते. पण अंधारात जबरदस्त!"

"घाई करू नका," मदनसिंग सरांनी समारोप केला. "आठ दिवस वापरून पाहा. नाही पटला तं वापस करा."

त्या फोटोंत एक जिताजागता माणूसही उभा आहे, हे नवांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूचा फोन आला. "दादा, पाठवला का फोटो? प्रयागबाई वाट पाहून राह्यल्या!"

दुकानात गर्दी होती. एक शेतकरी घाटेअळीनं खाल्लेला हरभऱ्याचा घाटा जगदेवच्या नाकाशी धरून उभा होता. "याच्यावर काय मारू ते सांग ना गा!" जगदेवचा चष्मा कपाळावर. त्यानं 'उजेड' उघडलं, पहिल्या फोटोवर बोट दाबून धरलं, मग घाईनं खाली सरकत दुसरा धरला, तिसरा धरला. जाड बोट वाटेत कुठं कुठं टेकत गेलं, ते त्याला दिसलं नाही. वर निवडलेल्या मेसेजांचा आकडा आला होता सतरा. तोही दिसला नाही. पाठवून दिलं प्रयागबाईंना!

आता व्हॉट्सॲपची गंमत पाहा. असा मजकूर पुढं ढकलला, की तो मुळात कोणी लिहिला त्याचं नाव जात नाही. म्हणजे प्रश्नही जगदेवचे आणि उत्तरंही जगदेवचीच! सख्ख्या मामानं भाच्याचे तीन फोटो पाठवून खाली लिहिलेलं, की हा काठावर ढिला आहे, आतून बुरशी आहे आणि दोन वर्षं अमरावतीच्या एका मॅडमपाशी होता.

दहा मिनिटांत फोन वाजला. मागं गिरणीची घरघर.

"जगदेवभाऊ, मी प्रयागबाई. तुमी पाठवलं ते पाह्यलं. तो गडी तुमचाच ना?"

जगदेव हरखला. बाईला 'गडी' शब्द माहीत! नक्की रऊफची ओळख असणार, त्याचंही दुकान रिसोडातच.

"हाव! माहाच! तुमी बरोबर ओळखलं!"

"मंग ते बुरशीचं खरं हाय?"

"हाय थोडी. पण घाबराचं काम नाही. आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवतो. ओल सारी निघून जाते."



"तांदळात? पुरा?"

"पुराच! फडक्यात गुंडाळून."

"अन् ती अमरावतीची मॅडम?"

"लय भली बाई! अजून फोन करते. म्हणते, नाही जमलं तं वापस आणून द्या, मी ठेवून घेते!"

फोन कट झाला. जगदेवनं छाती फुगवून शेतकऱ्याकडे पाहिलं. "पाह्यलं? फोटोची कदर असणारे लोक असे असतात!"

"ते राहू दे," शेतकरी म्हणाला. "अळीचं सांग."

अळीचं सांगून होण्याआधीच मंजूचा फोन आला. तिच्या आवाजानं काउंटरवरची बाटली हलल्याचं शेतकरी पुढं बरेच दिवस सांगत होता.

"दादा! प्रयागबाईनं सारं वाचून दाखवलं मले! माह्या पोराले बुरशी लागली म्हणून लिहिलं तू?"

"लखनले? मी कायले लिहू?"

"करकर करते म्हणे! आठ दिवस वापरून पाहा, नाही तं वापस करा म्हणे! पोरगा हाय का मिक्सर? अन् अंधारात..." पुढचं तिला बोलवेना. "कोण हाय ती अमरावतीची मॅडम? मी लखनले आत्ताच फोन करून इचारलं. तो लाइनवर काम करून राह्यला होता, चार माणसांत 'कोणती मॅडम?' म्हणून ओरडला! आता सारं धनज त्याले तेच इचारून राह्यलं! अरे, इतके वर्षं राखी बांधली तुले!"

जगदेवनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पाठवलेलं वाचलं. एकेक ओळ वाचताना त्याचे कान तापत गेले. मग त्यानं शहाणपणा केला. सतराच्या सतरा पुन्हा निवडले आणि हटवून टाकले. कसे हटवले? 'माझ्यासाठी हटवा'! म्हणजे प्रयागबाईंच्या फोनमध्ये सगळं शाबूत, आणि आपण काय काय पाठवलं होतं ते पुन्हा पाहायची सोय आता फक्त जगदेवलाच नाही!

त्यानं फोन लावला, उचलला गेला नाही. चार वेळा लावला, चारही वेळा तेच. मग दुकानाचं शटर ओढलं, लेन्स पिशवीत घातली, जिल्ह्यातल्याच मालेगावपर्यंत जीपमध्ये कोंबून घेतलं, पुढं एसटीत उभा राहिला आणि दुपारी रिसोडला रऊफच्या दुकानात जाऊन आदळला.

"रऊफभाई, चाल! आत्ताच्या आत्ता!"

रऊफनं सगळं ऐकलं, डोळ्याला लावलेलं भिंग काढलं आणि पाच मिनिटं हसला. जगदेवला त्या लेन्सनंच त्याला हाणावंसं वाटलं.

"फिकर नको करू, भाऊ. मी समजावतो ना बाईले!"

इथं जगदेवनं त्याला दुकानातच ठेवायला हवं होतं.

गिरणीत बारा-पंधरा बाया डबे घेऊन रांगेत होत्या. प्रयागबाई नाकावर पदर बांधून चक्कीत गहू ओतत होत्या. घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. रऊफनं लेन्स हातात उंच धरली आणि घशाच्या शिरा ताणून ओरडायला सुरुवात केली. "बाई! बुरशी पोराले नाही, याले हाय! मॅडमपाशी हाच होता! करकर करते तोही हाच! अन्..."

नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. चक्की थांबली.

"...अंधारात जबरदस्त तोही हाच!"

शांत गिरणीत ते वाक्य खणखणीत घुमलं. बारा-पंधरा बायांनी जगदेवकडे पाहिलं, कारण रऊफचं बोट चुकून त्याच्याकडे होतं!

प्रयागबाईंनी नाकावरचा पदर सोडला, खिळ्याला टांगलेली बॅटरी लावली आणि लेन्स हातात घेतली. गव्हात किडा शोधावा तशी ती फिरवून फिरवून पाहिली.

"ही जाळी? एवढीशी?"

"हाव, बाई."

"एवढी तं रव्यात रोज निघते." त्यांनी लेन्स पिठानं माखलेल्या हातानं परत दिली. जगदेव ती सदऱ्याच्या टोकानं पुसू लागला.

"समजलं," त्या म्हणाल्या. "चूक झाली, होते माणसाकडून. पण भाऊ, मले एक सांगा. मी तुमाले इचारलं होतं, पोराबद्दल खरं खरं सांगा. तुमी सतरा गोष्टी पाठवल्या. त्याच्यातली एक तरी पोराबद्दल हाय का?"

एकही नव्हती. जगदेवला एकाएकी इतकं ओशाळल्यासारखं झालं, की त्यानं लेन्स पिशवीत टाकली आणि पिशवी पाठीमागं धरली.

मागच्या दारातून संस्कृती आली होती. ड्युटीवरून नुकतीच आलेली, खांद्याला पर्स, हातात आईचा फोन. तिनं सगळं वाचलेलं दिसत होतं, कारण ओठ दाबून ती हसू आवरत होती.

"मामा, या तिसऱ्या फोटोत हा एवढा कायले हसून राह्यला?"

"मी वाफ्यात पडलो, म्हणून."

"तुमी पडले अन् हा हसून राह्यला?"

"हसला, पण धावत आला." जगदेव खाली पाहत बोलू लागला. "मी ओरडून राह्यलो होतो, लेन्स धर म्हणून. त्यानं आधी मले उचललं. चिखलातून उभं केलं, लागलं का इचारलं, मंग लेन्सकडे पाह्यलं. अन् मी त्याले घरापर्यंत बोललो. तो चूप. एक शब्द उलटून बोलला नाही. असा हाय पोरगा. हे लिहाले पाह्यजे होतं मी. नाही लिहिलं."

रांगेतल्या एका बाईनं डबा खाली ठेवला.

"नंबर द्या त्याचा," संस्कृती म्हणाली. "बाकीचं मी इचारते त्याले."

तिनं विचारलं. काय विचारलं ते दोघांनाच ठाऊक, पण एप्रिलमध्ये रिसोडला लग्न ठरलं. प्रयागबाईंची एकच अट होती. लग्नात मामाच्या हातात कॅमेरा नको, आणि मोबाईलही नको! मंजूनं ती अट तोंडातून निघायच्या आत मान्य केली. जगदेवनं दोन दिवस रुसून पाहिलं. कोणी विचारलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी आपला आपणच उठला.

फोटोला वाशीमचा एक पोशाखी फोटोग्राफर आणला. मामा पंगतीत वरण वाढत फिरला. वाढता वाढता त्या फोटोग्राफरला "उजेड मागं घ्या", "खाली बसून काढा" असं सांगत राहिला. शेवटी प्रयागबाईंनी त्याला मठ्ठ्याच्या टाकीपाशी बसवून ठेवलं.

पंधरा दिवसांनी अल्बम आला. दोनशे फोटोंत मामा एकाच फोटोत सापडला. हातात वरणाची बादली, तोंड उघडं, डोळे मिटलेले, चेहरा धुरकट, कारण फोकस मामाला सोडून मागं मंडपाच्या खांबावर बसला होता.

जगदेवनं तो फोटो जवळ घेतला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"खांब मात्र एकदम शार्प आला बरं का," तो म्हणाला.