तात्पुरता थांबा

काचीगुड्याच्या अमरदीप हनवतेनं कुरिअर कंपनीतली नोकरी सोडून भाकरी-पिठल्याचं दुकान काढलं. पहिले सहा महिने ते दुकान अत्यंत स्वच्छ राहिलं, कारण घाण करायला गिऱ्हाईकच नव्हतं. उरलेल्या भाकऱ्या कुस्करून बायको दीपमाला फोडणीला टाकी आणि दोघं तेच खात.

सातव्या महिन्यात पुढच्या चौकात नळासाठी रस्ता खोदला गेला. बसचा थांबा 'तात्पुरत्या स्वरूपात' हलवला गेला, तो नेमका अमरदीपच्या दारात. सरकारी भाषेत तात्पुरतं म्हणजे साधारण मूल जन्मून शाळेत जाऊ लागेपर्यंत. बस पाऊण पाऊण तास येत नसे आणि ताटकळणाऱ्यांच्या नाकाशी पिठल्याचा वास दरवळत असे.

"भाई, बस का क्या भरोसा," एकजण रिकामं ताट पुढे करत दख्खनी हिंदीत म्हणाला, "एक भाकरी और देव."

वर्षभरात दुकानात बारा बायका भाकऱ्या थापू लागल्या. उद्योजक प्रेरणा मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव मोहिते शाल-श्रीफळ घेऊन हजर झाले.

"सत्काराच्या भाषणात यशाचं रहस्य सांगावं लागेल," ते म्हणाले. "काय सांगाल?"

"खड्डा," अमरदीप प्रामाणिकपणे म्हणाला.

"खड्ड्यावर टाळ्या पडत नाहीत. दूरदृष्टी म्हणा."

अमरदीप दूरदृष्टी म्हणाला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या भाषणात त्याला आठवलं, की रस्ता खोदला जाणार हे आपण आधीच ताडलं होतं. चौथ्या भाषणापर्यंत तो लहानपणी नांदेडमध्ये बसथांब्यांचा अभ्यास करू लागला होता. मग मंडळानं त्याची पुस्तिका छापली. तिच्या बाराव्या पानावर लिहिलं होतं, 'नशीब ही आळशी माणसाची सबब आहे.'

पुस्तिका छापून आल्यावर ती वाचणारा पहिला माणूस अमरदीपच होता. त्याला ती पूर्ण पटली. त्यानं एकदम चार शाखा काढायचं ठरवलं.

"तिथं बस थांबते का हो?" दीपमालानं विचारलं.

"बस माझ्यामागं येईल."

एका मंगळवारी, कुणाला काही न कळवता, खड्डा बुजला. थांबा मूळ जागी गेला. शुक्रवारी दुकान पुन्हा स्वच्छ दिसू लागलं. चारही शाखा दोन महिन्यांत बंद पडल्या. बारा बायकांना उद्यापासून येऊ नका असं सांगायची वेळ आली, तेव्हा दूरदृष्टीचा मालक मोरीत तोंड धूत राहिला. सांगितलं ते दीपमालानं.

अमरदीप प्रतापरावांकडे गेला. "साहेब, नशीब फिरलं."

"नशीब?" प्रतापरावांनी पुस्तिका पुढे सरकवली. "पान बारा."

अमरदीपनं वाचलं. फार सुरेख लिहिलं होतं.

"खचू नका," प्रतापराव म्हणाले. "सध्या अपयशालाही मागणी आहे. रविवारी भाषण द्या."

दरम्यान दीपमालानं दोन बायकांना सोबत घेऊन थांब्याच्या मूळ जागी हातगाडी लावली. गाडी चालली. "हुशारी बिशारी काही नाही," ती म्हणे, "बस अजून उशिराच येते."

रविवारी पाचशे लोकांपुढे अमरदीप उभा राहिला. मग त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. खड्डा पडला म्हणून मी वर आलो, बुजला म्हणून खाली गेलो. मधलं सगळं नंतर सुचलेलं होतं.

कित्येक दिवसांनी अमरदीपला हलकं वाटलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक हात वर आला.

"सर, मनाला भिडलं. फक्त एक सांगा, त्या यशाच्या काळात तुम्ही सकाळी किती वाजता उठायचात?"

अमरदीपनं हताशपणे सभागृहाकडे पाहिलं. पाचशे पेनं कागदावर टेकली होती.

"साडेसात," तो म्हणाला.

लोकांनी ते लिहून घेतलं. आणि वाचकहो, तुम्हीही आत्ता मनातल्या मनात स्वतःच्या गजराची वेळ पडताळून पाहिलीत. लाजू नका, सभागृहात जागा अजून शिल्लक आहे.