इनासकाकांचा उपास

इनासकाका दुपारी उभ्याने झोपतात. गॅलरीच्या कठड्याला पाठ लावायची, कमरेचा पट्टा गजात अडकवायचा आणि डोळे मिटायचे. एकदा कुरियरवाल्याने पुढे कागद धरला, तर काकांनी झोपेतच सही ठोकली. पार्सल माझं होतं.

हे खूळ शिरलं एका जाड पुस्तकातून. फार पूर्वी इजिप्त-सीरियाच्या वाळवंटात जे ख्रिस्ती तपस्वी राहायचे, त्यांच्या हकिकती त्यात आहेत. कोणी वर्षानुवर्षं खांबावर बसला, कोणी नुसता पाला खाल्ला, कोणी झोपच नाकारली. काका त्यांच्याबद्दल असं बोलतात, जणू ही मंडळी वेंगुर्ल्याला त्यांच्या शेजारीच राहत होती. पंखा बंद पडला, नळ गेला, की आम्हाला ऐकवणार, "आमचो खांबावालो बघ. कदी तक्रार केल्यान?"

लालबागच्या आमच्या चाळीत खांब नाही. म्हणून एका सकाळी काका गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले. सेक्रेटरीने दोन तास विनवून त्यांना उतरवलं आणि 'टाकीवर कोणीही तप करू नये' असा बोर्ड लावला. तो अजून आहे.

पण खरा कळस उपासाचा. काकू गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, दिवसाला एक पाव आणि मीठ. जन्मभर जहाजावर स्वयंपाक केलेला माणूस हा!

आमच्या मजल्यावर उपासाला भारी मान. त्यामुळे आम्ही सगळेच शहाणे झालो. कोणाकडे काही चांगलंचुंगलं झालं की वाटी शेजारी जाते, ती काकांचं दार टाळून जाऊ लागली. तळणीचा वास जाऊ नये म्हणून माझी बायको खिडकी लावून घ्यायची. त्यांच्याकडे गप्पांना बसणंही आम्ही सोडलं. उपाशी माणसाला बोलायचा त्रास कशाला?

गेल्या महिन्यात एका रविवारी काकांचा पट्टा कमरेवरून निसटला आणि ते गॅलरीत कोसळले. मी त्यांना उचलून खोलीत नेलं. एवढा मोठा माणूस हाताला लागतच नव्हता. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो. तुमच्या त्या पुस्तकात उपास सोडायचा काही नियमच नाही का, असं मी त्यांना झापलं.

नियम आहे, काका शांतपणे म्हणाले. दारात कोणी आलं की उपास मोडायचा आणि त्याच्याबरोबर जेवायला बसायचं. उपास काय, उद्याही धरता येतो.

"मग मोडला का नाहीत?"

"पावणो खंय इलो?"

मला मान वर करवेना. दोन वर्षं त्यांचं दार टाळून आम्ही आपल्या समजूतदारपणावर खूश होतो. इतकी लाज मला फार दिवसांत वाटली नव्हती.

जेवलास का, त्यांनी विचारलं. मी नुकताच घरी मटणावर आडवा हात मारून आलो होतो. मी नाही म्हणालो.

काका भिंत धरत उठले. पेज टाकली, सुकट भाजली, कांदा फोडला, दोन ताटं मांडली. मी कसाबसा जेवलो. ते माझ्या दुप्पट जेवले.

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले.

"दर खेपेक तूच येवक होयो असा नाय, झिला," ते म्हणाले. "कोणाकय धाड."