कळवा ते शहाड, व्हाया टिपणीस

आमच्या शेजारचे टिपणीस भाऊजी कुठे आहेत, हे कुणाला विचारावं लागायचं नाही. ते स्वतःच मोठ्यांदा सांगत जायचे. "पहिला मजला सोडला, जिना उतरतोय, तोंड फडके रोडकडे!" ऐकणारं कोण? लग्न केलं नाही, घरात एकटे. पण हौशी रेडिओवाल्यांची शिस्तच तशी. आधी आपला ठावठिकाणा सांगायचा, मग बोलायचं. दूधकेंद्रावरचा मुलगा वैतागायचा, "काका, तुम्ही माझ्यासमोरच उभे आहात. पिशव्या किती ते बोला!"

एका जागी बसणं म्हणून नाही. चहाचा कप घेऊन गच्चीत जाणार, तार ताणून बघणार, खाली येणार आणि कप वरच विसरणार. पाण्याच्या टाकीपासून एका बांबूपर्यंत त्यांची ती एरियलची तार, आणि घरात स्वतः जुळवलेला बिनतारी सेट. कळव्याचे नाखवा आणि शहाडचे मास्तर, दोघेही रेडिओवाले, पण मध्ये डोंगर. एकमेकांचा आवाज पोचायचा नाही. डोंबिवलीत भाऊजींना मात्र दोघेही स्वच्छ ऐकू यायचे. नाखवांनी उभा जन्म जहाजावर वायरलेस सांभाळलेला, आता पाय गेले म्हणून खाटेवर. रोज संध्याकाळी हे दोघे बुद्धिबळ खेळायचे, आणि भाऊजी मधे बसून याची चाल त्याला, त्याची याला सांगायचे. शब्दाला शब्द.

"मास्तरांचा घोडा फुकट जातोय हो वहिनी!" हातातली सोंगट्यांची पेटी वाजवत ते माझ्याकडे तक्रार करायचे.

"मग सांगा की त्यांना."

"छे! रिले म्हणजे रिले. मधल्याने पदरचं घालायचं नाही."

पंचाईत अशी, की हा सगळा डाव आमच्या टीव्हीतही यायचा. रविवारच्या सिनेमात नायिका हुंदका द्यायला लागली, की तिच्या तोंडून भाऊजी म्हणायचे, "उंट तिरका, तीन घरं. ओव्हर." शेवटी सेक्रेटरी पेंडश्यांनी मीटिंग बोलावली. "टिपणीस, तार उतरवा. बिल्डिंग वैतागलीय."

भाऊजी दाराशी, कधी या पायावर, कधी त्या. स्वतःसाठी अवाक्षर नाही. एवढंच म्हणाले, "चालू डाव संपेपर्यंत राहू द्या. नाखवांना रोज दुसरं बोलायला कुणी नाही."

सगळे हसले. डाव तो असा किती दिवस चालायचा! मंजूर.

झालं, जिवाला घोर माझ्या लागला. रोज संध्याकाळी काहीतरी वाटीत घेऊन मी त्यांच्याकडे. एके दिवशी सेटमधून नाखवा खरखरले, "डोंबिवली, ऐकतंस ना रे? वजीर दोन घरं पुढं. ओव्हर."

भाऊजींनी पटाकडे पाहिलं आणि चेहराच उतरला. "वजीर हलला की पुढच्याच चालीत नाखवांवर मात, वहिनी. डाव खलास."

बटणावर अंगठा, पण दाबेनात. मला राहवेना. "अहो, बोला काहीतरी!"

"शहाड, शहाड," भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाले, "कळवा सांगतो, हत्ती एक घर मागे. ओव्हर."

मी तोंडाला पदर लावला.

पुढे पेंडसे जिन्यात भेटले की विचारायचे, "अजून संपला नाही?" मी म्हणायची, "अहो, अटीतटीला आलाय." एकदा थालीपीठ घेऊन गेले, तर टेबलावर दोन पट. सोंगट्या दोन्हींवर वेगवेगळ्या.

"हे काय भाऊजी?"

"हा कळव्याचा, हा शहाडचा. एक चाल बदलली ना, मग पुढचं काही जुळेचना. दोघांनाही आता मीच उत्तर देतो." मग घाईघाईने, "पण खूश आहेत हो! मास्तर म्हणतात, नाखवा हल्ली सुधारलेत. नाखवा म्हणतात, मास्तरांच्या खेळात जान आलीय."

"आणि तुम्ही?"

"मी?" असं कुणी विचारायची त्यांना सवय नव्हती. एक प्यादं उचललं, परत होतं तिथेच ठेवलं.

"मला ह्याआधी कुणी खेळायला घेतलंच नव्हतं, वहिनी."