शेजारचं कुलूप

टाचणीच्या प्रबंधाचं भवितव्य त्या दुपारी गिनीपिगच्या बोटभर आतड्यावर अवलंबून होतं. प्रयोगशाळेत तिला सगळे टाचणी म्हणत, कारण ती बारीक होती आणि टोचून बोलायची. आज मात्र ती शब्द जपून वापरत होती. समोरच्या स्टुलावर बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या आणि शेजारी तिचे मार्गदर्शक, क्रांतिसर. दर महिन्याला त्यांच्या हातून विज्ञानात एखादी क्रांती व्हायची, म्हणून हे नाव. अर्थात त्यांच्या माघारी.

काचेच्या नळकांड्यात कोमट खारं पाणी होतं, तळाशी बुडबुडे सोडणारी हवेची नळी आणि मधोमध दोऱ्याने लटकवलेला आतड्याचा तुकडा. विजेचा हलका झटका बसला की तो आक्रसायचा, दोरा ओढला जायचा आणि पडद्यावर रेघ उंच उडायची.

"हा बघा आमचा हिरो!" सरांनी खिशातलं पेन थेट नळकांड्यात घालून तुकड्याला टोचलं.

"सर, पेन!" टाचणी किंचाळली.

"अगं, काही होत नाही. तू सांग बाईंना."

"मॅडम, पेशींवर मॉर्फिनसारख्या, आतडं शांत करणाऱ्या औषधांसाठी वेगवेगळी कुलुपं असतात. मॉर्फिन लागतं ते एक. या प्राण्याला रोज मॉर्फिन दिलंय, त्यामुळे ते कुलूप निर्ढावलंय. आता मॉर्फिन घाला नाहीतर पाणी, सारखंच. पण शेजारचं कुलूप, त्याचं नाव कप्पा, ते शाबूत आहे. त्याचं औषध घातलं की तुकडा शांत होतो. हाच माझा प्रबंध."

तिने मॉर्फिन घातलं. रेघा जरा वेड्यावाकड्या होत्या, पण उडत राहिल्या. छान! मग पाणी बदलून तिने कप्पाचं औषध घातलं. रेघा उडतच राहिल्या. तिने दुप्पट घातलं. तरी तेच.

सर ताडकन उठले. "दोन्ही कुलुपं निर्ढावली! क्रांती आहे ही, क्रांती!"

"सर, मग माझा प्रबंध खोटा ठरतो!"

"ठरू दे की! नवा लिहू. चार वर्षं कशी जातील, कळणारही नाही!"

टाचणीला रडूच फुटायचं बाकी होतं. सरांनी तोवर घरी फोन लावला होता. हातात मोजे, त्यामुळे स्पीकरवर.

"अगं, मोठा शोध लागलाय! जग हादरेल!"

"बरं. येताना दूध आणा," पलीकडून बायको म्हणाली.

लग्नानंतरच्या पहिल्या शोधाला तिने अख्ख्या शेजाराला चहा पाजला होता. दुसऱ्याला फक्त सरांना. आता दुधावर भागत होतं.

"दहापट घाल!" सर गरजले. टाचणी बाटली घेऊन वाकली आणि तशीच थबकली. तुकडा तळाशी निवांत पडला होता. दोऱ्याचं मोकळं टोक हवेच्या नळीत अडकून प्रत्येक बुडबुड्यासरशी नाचत होतं.

"सर, दोऱ्याला आतडं नाहीच आहे!"

"मग इतका वेळ आपण औषध कोणाला पाजतोय?" बाईंनी विचारलं.

"दोऱ्याला," टाचणी म्हणाली. तिघांचीही नजर सरांच्या पेनाकडे गेली. त्याच्या क्लिपला सुटलेली गाठ लोंबत होती.

बाईंनी पेन जप्त केलं. टाचणीने त्याच आतड्याचा नवा तुकडा बांधला. मॉर्फिन घातलं: रेघा उंचच. कप्पाचं औषध घातलं आणि तिघेही श्वास रोखून बघत राहिले. रेघा बसत गेल्या, बसत गेल्या आणि सपाट झाल्या!

"पास!" बाईंनी टाळी वाजवली. टाचणीने अशी उडी मारली की स्टूलच आडवं झालं.

सरांनी पडेल आवाजात पुन्हा फोन लावला. "अगं, तो शोध फुसका निघाला. चूक माझीच होती."

पलीकडून एकदम आरडाओरडा! "काय म्हणालात? तुमची चूक? अहो, परत बोला! थांबा, आईंना बोलावते. आई, अहो आई, पळत या, हे बघा काय म्हणतायत! दूध राहू द्या, आज आपण बाहेर जेवायला जाऊ!"

सर फोनकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"चालली की हो मात्रा," ते हरखून म्हणाले. "आता रोज..."

"सर," टाचणी म्हणाली, "रोज नका देऊ."