खिडकीपुढचा रोमन खांब

नंदकिशोर तावड्यांनी त्या रविवारी सभेत तोंड उघडायला नको होतं.

जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीला तीस वर्षं झाली होती. भिंतींना भेगा, ड्रेनेज तुंबलेलं, जिन्याच्या लोखंडी सळ्या प्लास्टरातून बाहेर येऊन लोकांचे कपडे फाडत होत्या. पण सभेपुढचा विषय काय, तर इमारतीचा दर्शनी भाग. आतून सडलेल्या माणसाला दवाखान्यात न नेता पार्लरमध्ये न्यायचं, अशी आपल्याकडची रीत आहे.

यशराज नावाचा डिझायनर गच्चीवर लॅपटॉप उघडून बसला होता. "हा रोमन लुक, मोठे खांब. हा राजस्थानी, झरोके. हा मुघल, वर घुमट. आणि हा गॉथिक, टोकदार कमानी, रंगीत काचा."

दुसऱ्या मजल्यावरच्या गीतांजली कदमांना झरोके हवे होते, कारण त्या उदयपूरला जाऊन आल्या होत्या. चौथ्या मजल्याला घुमट हवा होता. सेक्रेटरी अभयला रोमन हवं होतं, कारण खारघरला त्याच्या साडूच्या बंगल्याला रोमन होतं. दोन तास झाले तरी ड्रेनेजचं नाव कोणी काढेना.

तावडे उठले. तुर्भ्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी यंत्रांचे नकाशे काढले होते. रेघ सरळ आणि जीभ तिरकी, ही त्यांची ख्याती.

"असं करा," ते म्हणाले, "जगात जे जे म्हणून आहे ते सगळंच चिकटवा! खाली रोम, वर राजस्थान, गच्चीवर दिल्ली. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

अभय खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होता. "सूचक, तावडे. अनुमोदक?"

प्रत्येकाला आपापलं मिळत होतं आणि भूकही लागली होती. चौदा हात वर झाले. तावडेही हसले. सोसायटीत टोमणा लिहायला वेगळी वही नसते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दीड महिन्यानं तळमजल्यावर चार खांब उभे राहिले. त्यांतला तिसरा तावड्यांच्या खिडकीपुढे, बरोबर मधोमध.

त्या खिडकीशी मीनाताईंचं शिलाई मशीन होतं. या तावड्यांच्या पत्नी बावीस वर्षं तिथं बसून सेक्टरभरच्या बायकांचे ब्लाउज शिवत होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ट्यूबच्या उजेडात त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. दिवसाचा उजेड होता तोवर त्यांचं काम होतं. आणि काम होतं तोवर त्या कोणाच्या मिंध्या नव्हत्या, नवऱ्याच्यासुद्धा.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला सुई दिसत नाही."

तावडे बाहेर गेले. यशराज खांबाच्या डोक्यावरची पानं रंगवून घेत होता. ती पानं कोबीसारखी दिसत होती.

"हा खांब उचलतो काय?" तावड्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"वजन. खांब वजन उचलतो ना? याच्यावर काय आहे?"

"काही नाही, काका. हा फील देतो."

"मग माझ्या खिडकीवरचा फील काढ."

"सिमेट्री जाईल, काका. एक काढला तर चारी हलवावे लागतील."

तावडे अभयकडे गेले. अभयनं वही उघडून बोट ठेवलं. "काका, सूचक तुमीच आहात. आमी तर नुस्ता हात वर केला. आता बदलायचं तर पुन्हा सभा, पुन्हा नोटीस. कशाला टेन्शन घेताय?"

"अरे, मी चिडून बोललो होतो!"

"वहीत तसं कुटं लिवलंय?"

तरी माणूस अगदीच दगड नव्हता. त्यानं यशराजला बोलावलं, आणि यशराजनं तोडगा काढला: गॉथिक अजून कुठं लागलं नव्हतं, ते तावड्यांच्या खिडकीला लावू. उंच टोकदार कमान, म्हणजे खांबाच्या दोन्ही बाजूंनी उजेड येईल. साधी काच काढली आणि रंगीत बसवली. उजेड आला. लाल आला.

दुपारी बारा वाजता तावड्यांचं घर फोटो धुण्याच्या खोलीसारखं दिसायला लागलं. भात लाल. दूध लाल. भिंतीवरच्या फोटोतले मीनाताईंचे सासरे लाल. मीनाताई मात्र खूश झाल्या, कारण सुई दिसत होती. सुईचा रंग कोण बघतो?

गीतांजलीबाईंच्या मुलाचा साखरपुडा होता. त्यांनी आंब्याच्या रंगाचं कापड दिलं होतं. लाल उजेडात पिवळा, पांढरा आणि लाल दोरा सारखेच दिसतात. मीनाताईंनी पाच दिवस खपून ब्लाउज शिवला. गीतांजलीबाईंनी तो बाहेर पोर्चमध्ये नेऊन उघडला आणि त्या किंचाळल्या.

"हे काय हो मीनाताई? आंब्यावर मुंग्या चढल्यासारखं दिसतंय!"

पिवळ्याधमक ब्लाउजला सगळीकडून लालभडक टाके. मीनाताईंनी ब्लाउज हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कापडापुढे मान खाली घातली.

"उसवून देते," त्या म्हणाल्या.

"राहू दे. मी वाशीच्या टेलरकडे टाकते." जाता जाता गीतांजलीबाई हळू म्हणाल्या, "वय झालं की डोळे जातात हो. तुमची चूक नाही."

हे वाक्य आठवड्यात सेक्टरभर झालं. मीनाताईंचे डोळे गेले. गिऱ्हाईकं बंद झाली. त्या मशीनपुढे नुसत्या बसून राहायच्या, पाय पायडलवर, कापड नाही. तावड्यांना ते बघवेना.

एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातून वरवंटा घेतला, बाहेर जाऊन तो खांबावर घातला. पहिल्याच घावात हात कोपरापर्यंत आत गेला. आत थर्माकोल, तारेची जाळी आणि कोणीतरी टाकलेले चहाचे कागदी कप. यासाठी त्यांच्या घरातला सूर्य अडवला होता! त्यांनी खांब कमरेपर्यंत खाली आणला आणि मग आत येऊन रंगीत काचाही फोडल्या.

उजेड मशीनवर पडला. पांढरा, साधा, फुकटचा. मीनाताईंनी सुईत दोरा ओवला, एका झटक्यात.

पोलीस येतील म्हणून तावडे कपडे करून बसले. आला यशराज. त्यानं मोडक्या खांबाचे फोटो काढले, मागे सरकून काढले, खाली बसून काढले.

"काका, तुम्ही हे मुद्दाम असं तिरकं तोडलंत?"

"हो," तावडे गुर्मीत म्हणाले. "अजून तोडीन."

"जबरदस्त! रुइन लुक! भग्न अवशेष! रोमला जाऊन लोक काय बघतात? हेच बघतात. अभयभाई, बाकीचे तीन पण तोडून घेऊ."

अभयनं साडूला फोन करून विचारलं. साडूकडे भग्न नव्हतं. लगेच मंजुरी मिळाली.

चार दिवस मीनाताईंना उजेड मिळाला. पाचव्या दिवशी यशराजची माणसं आली. भग्न म्हटलं की वेल हवी, म्हणून त्यांनी मोडक्या खांबापासून कमानीच्या टोकापर्यंत प्लास्टिकची हिरवी वेल सोडली. खिडकी गच्च झाकली गेली.

मीनाताईंनी मशीनवर झाकण घातलं.

"मी उरणला जाते. दादाच्या ओटीवर."

"किती दिवस?"

"ब्लाउज संपेपर्यंत."

"ब्लाउज कधी संपतात का?"

"तेच म्हणतेय मी."

टेम्पोत मशीन चढवताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पण या. इथं एकटे काय कराल? घर देऊ भाड्यानं. पेन्शनीत भागत नाही आणि दादाच्या जिवावर मी खाणार नाही."

पण ही कबर भाड्यानं घेणार कोण? सात जण आले. सातही जणांनी मोबाइलची बॅटरी लावून खोली बघितली आणि परत गेले. आठवा आला निशांत. परदेशातल्या बँकेचे फोन घ्यायचा, कायमची रात्रपाळी. भर बाराला तो खोलीत उभा राहिला, त्यानं आपला हात डोळ्यांपुढे धरला आणि तो त्याला दिसेना.

"काका, दोन वर्षं मी दिवसा झोपलेलो नाही. नव्या मुंबईत असला अंधार कुठं मिळतो? आजच टोकन देतो. फक्त या कोपऱ्यातून एक तिरीप येतेय बघा."

तावड्यांनी बघितलं. येत होती. ते खाली मान घालून जिना चढले आणि त्यांनी अभयची बेल वाजवली.

"आता काय तोडलंत, काका?"

"काही नाही रे," तावडे म्हणाले. "ती वेल जरा दाट करता येईल का?"