पाच ग्रॅम हिरवी पानं

"माझ्या प्रयोगात चूक शिरायला फटच नाही!" असं तिनं आपल्या मार्गदर्शक मॅडमना छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. गेले तीन महिने तेच झाड, तीच कुंडी, तोच पहाटे सहाचा अंधुक उजेड. गॅलरीतल्या त्या झाडाची पाच ग्रॅम पानं कात्रीनं कापायची, प्रयोगशाळेत उकळायची, गाळायची आणि तो काढा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ओतायचा. अर्ध्या तासात पाणी तपकिरी झालं, की समजायचं, चांदीचे नॅनोकण तयार! ते विषाणूला रोखतात का, हे तपासायला विषाणू विभागानं तिला आज बाराची वेळ दिली होती. ती हुकली, तर पुढची थेट चार महिन्यांनी.

आज काढा अगदी नितळ निघाला. 'हात बसला म्हणायचा!' ती खूश झाली.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. पाणी आपलं ढिम्म!

"रंग कुठाय?" मॅडमनी विचारलं.

"येईल, मॅडम. लाजतोय."

"अकरा वाजले!"

शेजारच्या टेबलावरचा चष्मेबहाद्दर आपली बाटली घेऊन घुटमळू लागला. "तुझं होत नसेल तर बाराच्या वेळेला माझं तयार आहे हं."

"तू गप रे!"

तिनं घरी फोन लावला. "आई, झाडाला काही खत-बित घातलंस का?"

"छे गं! त्याला कसलं खत?"

"असं का म्हणतेस?"

"अगं, रोज कापून कापून झाडाचा पार खराटा केलास! काल ते मुळासकट काढून शेजारच्या काकूंकडे हलवलं, जीव तरी वाचेल. कुंडी रिकामी दिसते म्हणून बाबांनी तसंच दुसरं आणून खोचलं. प्लास्टिकचं. छान आहे ना? धूळ बसली की पुसायचं, झालं!"

तिनं गाळणीकडे पाहिलं. वीस मिनिटं उकळूनही पानं हिरवीगार, चकचकीत. वहीत तिच्याच अक्षरात नोंद होती: 'पानं आज विशेष टवटवीत.'

"आई! काकूंना सांग, मी पानं न्यायला येतेय!"

"काकू सकाळीच कुलूप लावून गावाला गेल्या. आणि माझ्या झाडाला पुन्हा हात लावलास ना, तर बघ!"

मॅडमनी चिमट्यानं एक पान उचललं, वाकवलं, सोडलं. ते टपकन सरळ झालं.

"निराश होऊ नकोस," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "प्लास्टिक उकळून नॅनोकण होत नाहीत, हे तू सिद्ध केलंस. तुलनेसाठी असा नमुना आजवर कुणी ठेवला नसेल. सविस्तर लिही!"

"आणि बाराची वेळ, मॅडम?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. चष्मेबहाद्दर बाटलीसकट केव्हाच जिन्यात पोचला होता.